चौसष्टावं रिव्हॉल्व्हर

आमच्या खोऱ्यात पहिलं रिव्हॉल्व्हर घ्यायला कुणी एकटं जात नाही. एकटा गेलेला माणूस हमखास काहीतरी भलतंच गळ्यात घालून घेतो. सिनेमात बघितलेलं मोठ्या तोंडाचं धूड आणतो, चारदा उडवतो, मनगट चोळत घरी येतो, आणि मग ते कपाटात टॉवेलांखाली पडून राहतं. म्हणून जाणत्याला सोबत न्यायचं. आणि जाणता म्हटला की एकच, एमिल हुडाक. चाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहिला, आणि गावच्या नेमबाजी क्लबाच्या पहिल्या संघात त्याहूनही एक वर्ष जास्त.

एमिलची रीत ठरलेली होती. नवखा म्हणायचा, मला जरा दणदणीत काहीतरी पाहिजे. एमिल म्हणायचा, दणदणीत पाहिजे तर आग विझवणाऱ्यांच्या बँडात जाऊन ढोल वाजव. निशाणावर मारायचं तर बावीस नंबरची बारकी गोळी, सहा इंची नळी आणि चांगलं जड लोखंड. हलकं हत्यार हातात नाचतं, जड स्वस्थ बसतं. मग गोळ्यांचं चक्र डुगडुगतंय का ते बघायचं, घोडा मागे ओढल्यावर ते घट्ट बसतंय का ते बघायचं, चाप कुठं अडखळतोय का ते बघायचं. सगळ्यात शेवटी नाणं. चक्रात वापरलेल्या पुंगळ्या भरायच्या, कारण बावीसचा घोडा नुसत्याच चक्रावर पाडला तर आतली कड ठेचली जाते. मग एक हात पुढे लांब करायचा, नळीवर डाइमचं बारकं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. नाणं पडलं की एमिल दुसरं रिव्हॉल्व्हर पुढे करायचा. माणसाला तो कधी नावं ठेवायचा नाही, हे खरं ते खरं सांगितलं पाहिजे.

अशी त्रेसष्ट त्यानं निवडली होती. आकडा त्याचाच, आणि कुणी विचारायच्या आत सांगायचा. आता आमच्याकडे हे काही नुसतं खरेदीचं काम नव्हे. ज्यानं तुमचं पहिलं रिव्हॉल्व्हर निवडलं, तोच क्लबात तुमचं नाव पुढे करतो. तुमच्यासाठी शब्द टाकायचा तर त्यानंच. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता उभा राहतो ना, तसंच ते. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण मोडलेलंही कुणी ऐकलं नव्हतं.

या एमिलची मुलगी बर्नडेट. गाव तिला बर्नी म्हणतं. वय पंचावन्न. शाळेची पिवळी बस चालवते, पहाटे उठून बर्फातून घाट चढते, आणि सव्वीस वर्षांत तिनं बसला एक ओरखडाही पडू दिलेला नाही. लग्न झालं होतं, चार वर्षं टिकलं. नवरा वाईट नव्हता, पण घरात कधी नसायचाच. मग आई आजारी पडली म्हणून ती माहेरी आली, आई गेली, आणि एमिलचं कोण करणार म्हणून तिथंच राहिली. भाऊ पॉल कॅरोलायनाला. नाताळला त्याचा फोन येतो, तेव्हा म्हातारा दोन दिवस खुशीत असतो. रोज सकाळी ज्याच्या हातची अंडी खायची त्या माणसाबद्दल खुशी वाटायला फुरसत कुणाला आहे?

आमच्या घराघरांत मुलगा बारा वर्षांचा झाला की बाप त्याला बंदूक घेऊन देतो. पॉलला मिळाली. पुढच्याच वर्षी बर्नी बारा वर्षांची झाली, तेव्हा तिनंही मागितली. मिळालं शिवणयंत्र. चांगलं होतं, झिगझॅग टाके घालायचं. आई म्हणाली, बाबांनी किती प्रेमानं आणलंय बघ. बर्नीनं त्यावर पडदे शिवले. त्यातले स्वयंपाकघरातले अजून लटकतायत.

ती अठ्ठावीस वर्षांची असताना क्लबातल्या म्हाताऱ्या मिहालिकच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. हिवाळ्यात दर बुधवारी संध्याकाळी क्लबाच्या तळघरात सामने होतात, पन्नास फुटांवरून, एका हातानं, प्रत्येकी तीस गोळ्या, पूर्ण गुण तीनशे. कागदी निशाणावरची भोकं बघून गुण मोजायचं काम मिहालिकचं. एमिलनं क्लबाच्या स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, बर्नी, तू बस गं जरा. ती बसली. ते ‘जरा’ सत्तावीस वर्षं चाललं.

मोजावं मात्र तिनंच. गोळी रेघेला नुसती शिवली तरी वरचा गुण, नाही शिवली तर नाही. सख्ख्या बापाची गोळी केसाएवढी बाहेर राहिली, तर नऊ म्हणजे नऊ. दुसऱ्या गावचे संघ येतात तेव्हा भांडायच्या तयारीनंच येतात, पण बर्नीनं भिंग खाली ठेवलं की कुणी तोंडातून ब्र काढत नाही. आणि या सत्तावीस वर्षांत एमिलच्या मागे दोन हातांवर बसून तिनं काय काय बघितलं असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो श्वास कुठं थांबवतो, खांदा कधी सैल सोडतो, कुठली गोळी न मारता हात खाली घेतो, सगळं तिला पाठ होतं.

गेली चार वर्षं ती रविवारी दुपारी एकटीच तळघरात जात होती. झाडलोट तीच करायची, किल्ली तिच्याचकडे. क्लबाचं पाहुण्यांसाठी ठेवलेलं एक खिळखिळं रिव्हॉल्व्हर होतं, त्यावर ती मारायची, आणि कागद घडी करून घरी शेगडीत घालायची. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसले असते, किंवा शिकवायला आले असते, आणि दुसरं तर पहिल्याहून वाईट.

मागच्या हिवाळ्यात एमिलचा हात थरथरायला लागला. आधी कॉफीच्या कपात दिसलं, मग कागदावर. फेब्रुवारीत एका बुधवारी त्याची गोळी कागद सोडून लाकडात गेली. बर्नीनं शून्य लिहिलं. उन्हाळ्यात म्हाताऱ्यानं जाहीर केलं की यंदा तो उभा राहणार नाही. पहिल्या संघात पाच जण, भिंतीवर पाच खुंट्या, प्रत्येकीवर नावाची लाकडी पट्टी. जो थांबतो त्यानं नोव्हेंबरच्या जेवणात आपली पट्टी आपल्या हातानं काढायची आणि आपल्या जागी कोण ते सांगायचं. त्यावर चर्चा नाही.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी बर्नी स्वयंपाकघरात बापाचे केस कापत होती. मानेवरचे बारीक केस उडवता उडवता तिनं विचारलं, "बाबा, मला एक रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. निशाणावर मारायला. तुम्ही याल बरोबर?"

कात्री थांबली होती. एमिलनं समोरच्या पडद्याकडे बघितलं. मग म्हणाला, "शनिवारी जाऊ."

एवढंच. जागेबद्दल तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. इथंच ती चुकली, असं आता सगळे म्हणतात. पण आमच्यातलं कुणीही असतं तरी इथंच चुकलं असतं. एमिल हुडाक शनिवारी तुमच्याबरोबर दुकानात येतो म्हणाला, याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो.

मर्लचं बंदुकांचं दुकान जुन्या दूधडेअरीत आहे. शनिवारी तिथं दोघे-तिघे कॉफी पीत बसलेलेच असतात, काही घ्यायचं नसतं, बायकांनी घराबाहेर काढलेले असतात. बर्नीला बघून मर्लनं अगदी हसून काचेखालून एक चिमुकलं, आखूड नळीचं काढलं. मुठीला जांभळा रंग. म्हणाला, बाईमाणसाच्या हाताला हेच बरं, पिसासारखं हलकं.

"तिला पर्समध्ये नाही घालायचंय," एमिल म्हणाला. "निशाणावर मारायचंय. ठेव ते खेळणं आत."

बर्नीला त्या क्षणी काय वाटलं, ते तिनं पुढे एकदाच बोलून दाखवलं. म्हणाली, पॉलला बंदूक घ्यायला नेलं होतं ना, त्या दिवशी मी गाडीत मागे बसले होते. आज मी पुढे होते.

मग एमिल कामाला लागला, आणि तो कामाला लागला की बघत राहावं. थरथरत्या हातानंच त्यानं एक नवं, दहा गोळ्यांचं उचललं, तोललं आणि परत ठेवलं. वजन नुसतं मुठीत आहे, नळी रिकामी, म्हणाला. दुसरं चार इंची. नळी आखूड, की नेम धरायची माशी आणि खाच जवळ, की चूक दिसत नाही, आणि न दिसणारी चूक सुधारत नाही. तिसरं होतं वापरलेलं, सहा इंची, एका वारलेल्या पोस्टमनच्या बायकोनं विकायला ठेवलेलं. मुठीचं अक्रोडाचं लाकूड हातानं काळं पडलेलं. एमिलनं चक्र उघडून रिकामं असल्याची खात्री केली, तिला दाखवली, प्रकाशाकडे धरून नळीतून बघितलं. चक्र हलवलं, कानाशी नेऊन घोडा ओढला. मग मूठ तिच्याकडे करून पुढे धरलं.

तिच्या बोटाचं पेर चापावर बरोबर बसलं. तिचा हात सव्वीस वर्षं बसचं चाक धरलेला, रिव्हॉल्व्हर त्यात गेलं आणि तिथंच राहिलं. मर्लनं पुंगळ्या दिल्या, एमिलनं स्वतः त्या भरल्या आणि खिशातून डाइम काढून नळीवर ठेवलं. बर्नीनं भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या हरणाच्या डोळ्यावर नेम धरला. घोडा ओढला, चाप ओढला. नाणं हललं नाही. पुन्हा. पुन्हा. नवख्याचं नाणं तिसऱ्याला पडतं. सहाव्याला एका कॉफीवाल्यानं कप खाली ठेवला. बारा वेळा चाप ओढून झाल्यावर तिनं हात खाली घेतला, तो दमला म्हणून नाही, तर आता पुरे असं वाटलं म्हणून.

एमिलनं नाणं उचलून खिशात टाकलं. तोंडावर काही नाही. म्हणाला, "हेच घे."

तिनं अर्ज भरला, मर्लनं राज्य पोलिसांना फोन करून तिचं नाव तपासून घेतलं, आणि अर्ध्या तासात दोघं बाहेर आली. वाटेत म्हातारा म्हणाला, तेल थोडंच लावायचं, लोक उगीच न्हाऊ घालतात. सबंध रस्ताभर एवढंच बोलला. ती मात्र घरी येईपर्यंत मनातल्या मनात चौसष्ट, चौसष्ट म्हणत होती.

बातमी तिच्याआधी गावात पोचली होती. पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर लोक तिला म्हणायला लागले, काय बर्नी, आता खुर्ची सुटणार म्हणे. क्लबातला स्टश कोवाल्चिक तर म्हणाला, एमिल उन्हाळाभर माणूस शोधतोय, काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती नुसती हसायची. रोज संध्याकाळी भांडी झाली की वरच्या खोलीत पुंगळ्या भरून, भिंतीवर काळा ठिपका चिकटवून पन्नास वेळा चाप ओढायची. खाली एमिल टीव्ही बघत असायचा. घोडा पडल्याचा आवाज छतातून खाली जातो. त्याला ऐकू जात होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी क्लबाचं जेवण झालं. तळलेले मासे, कोबी आणि शेवयांची हलुश्की, बिअर. बर्नीनं निळा स्वेटर घातला होता, केस नीट करून घेतले होते. दर वर्षी ती स्वयंपाकघरात असते, या वर्षी बायकांनीच तिला बाहेर ढकललं, जा, आज तू टेबलावर बस. ती पाठीमागच्या टेबलावर टोकाला बसली.

जेवणं झाल्यावर एमिल उठला. खुंटीवरची आपली पट्टी काढायला त्याला वेळ लागला, हात साथ देत नव्हता. कुणी मदतीला गेलं नाही, जायचं नसतं. पट्टी छातीशी धरून तो वळला. बर्नीनं खुर्ची मागे सरकवली होती. अर्धी उठलीही होती.

"केनी ड्रॉबिश," एमिल म्हणाला.

केनी गॅस कंपनीचा ट्रक चालवतो. माणूस चांगला, नेम बेताचा. त्याचं रिव्हॉल्व्हर एमिलनं सहा वर्षांपूर्वी निवडलं होतं. नाव ऐकून पहिल्यांदा तोच गोंधळला, त्यानं मागे वळून बर्नीकडे बघितलं. टाळ्या पडल्या, पण विस्कळीत. मग स्टश, ज्याला मनातलं मनात ठेवता येत नाही, तो म्हणाला, "एमिल, आम्हाला वाटलं होतं, बर्नी."

"मग गुण कोण मोजणार?" एमिल म्हणाला.

आणि लोक हसले. का हसले ते देव जाणे, कदाचित सुटल्यासारखं वाटलं म्हणून. खरी गोष्ट अशी की बर्नीही हसली. सरकवलेली खुर्ची तिनं हळूच पुढे ओढून घेतली, हसत हसत. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि सगळ्यांची ताटं धुतली. बायका तिच्याशी बोलायला बघत होत्या, ती नळ मोठा सोडत होती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण इथं तर पिकवणाऱ्यानंच पिकाला गवत म्हटलं होतं.

घरी तिनं भांडण काढलं नाही. सकाळी अंडी केली. बापाची औषधं डबीत भरली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, केनीची बायको म्हणत होती तिलाही एखादं हवंय, तुझं पडूनच राहणार असेल तर. बर्नी म्हणाली, बघू. तो बुधवारही तिनं खुर्चीवर बसून काढला. केनीला दोनशे एकसष्ट पडले. तिनं बरोबर मोजले.

दुसऱ्या रविवारी एमिलला क्लबातली आपली पेटी घरी आणायची होती. हरणांची शिकार आठवड्यावर आली होती, गावचे पुरुष जंगलात मचाणं बांधायला गेले होते, तळघरात चिटपाखरू नव्हतं. बर्नीनं त्याला हात धरून पायऱ्या उतरवल्या, दिवे लावले, आणि पिशवीतून आपलं रिव्हॉल्व्हर काढलं.

"बसा थोडा वेळ," ती म्हणाली. "मला तीस मारायच्यात."

तो तिच्याच खुर्चीत बसला, दुसरी नव्हतीच. दोघांनी कानांवर संरक्षक चढवले. पहिल्या दहा तिनं सावकाश मारल्या, पाच भरून पाच, पुन्हा पाच. पुढच्या दहा ठरलेल्या वेळेत मारायच्या असतात. त्यानं न सांगता मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि वेळ दिली, सवय म्हणून. शेवटच्या दहा सगळ्यात घाईच्या. शेवटची गोळी गेली, तिनं चक्र उघडून पुंगळ्या पाडल्या, रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि दोरी ओढून कागद जवळ आणले. ते तिनं बापाच्या पुढ्यात ठेवले. दुसरं करणार काय, मोजायला तोच होता.

एमिलनं भिंग घेतलं. एकेका भोकावर थांबत, ओठ हलवत मोजलं, आणि पेन्सिलीनं खाली आकडा लिहिला. दोनशे त्र्याऐंशी.

बर्नीनं कागद हातात घेतले. तिला भिंग लागलं नाही. तिसऱ्या कागदावर खालच्या उजव्या अंगाला दोन भोकं दहाच्या रेघेला शिवलेली होती, उघड उघड, शाळेतल्या पोरालाही दिसावीत अशी. दोन्ही त्यानं नवात धरली होती.

"बाबा, या दोन शिवल्यात."

"नाही शिवल्या."

"बघा परत."

त्यानं भिंगाला हात लावला नाही. समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत क्लबाचे विक्रम लिहिलेले आहेत. त्यात एमिल हुडाक, एका हिवाळ्याची सरासरी, दोनशे चौऱ्याऐंशी. गेली तीस वर्षं ती ओळ तिथंच आहे, तिला कुणी हात लावू शकलेलं नाही. म्हाताऱ्याची नजर तिकडे होती, आणि तिची त्याच्या नजरेवर. मग तिला कळलं.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"काय?"

"मला येतं ते."

खोटं बोलता आलं असतं. पण हत्यारांच्या बाबतीत एमिल आयुष्यात खोटं बोलला नव्हता, त्या दोन गुणांपर्यंत. म्हणाला, "मर्लच्या दुकानात. सहाव्यांदा चाप ओढलास तेव्हा. आणि मग रोज वरून आवाज येत होता. एका लयीत यायचा."

"मग केनी का?"

एमिलनं घड्याळ मनगटावर बांधायला घेतलं, पण पट्टा खाचेत जाईना. त्यानं बांधायचं सोडून दिलं. चापाची स्प्रिंग कुठं बिघडलीय हे समजावतो, त्याच आवाजात बोलला.

"केनी माझ्या जागी उभा राहिला, तर दर बुधवारी लोक म्हणतील, एमिलची सर नाही. तू उभी राहिलीस, तर नाताळपर्यंत एमिल कोण होता हे कुणाला आठवणार नाही. मला आता दुसरं काय आहे, बर्नी? हात गेला. मग तेवढं तरी."

"मग मला निवडून कशाला दिलंत? ते जांभळंच द्यायचं होतंत."

"वाईट हत्यार मी कुणाला निवडून दिलेलं नाही," तो म्हणाला, आणि त्याला हे बोलताना अभिमानच वाटत होता.

बर्नीनं कागद टेबलावर ठेवले. ती रडणाऱ्यातली नाही. म्हणाली, "बाबा, जन्मभर मी धरून चालले होते की मी तुम्हाला दिसतच नाही. शिवणयंत्र आणलंत तेव्हापासून. म्हटलं, जुन्या वळणाचा माणूस आहे, त्याला मुलगी दिसत नाही, त्याचा काय दोष. तेवढ्यावर मी तुमचं सगळं केलं. आणि तुम्हाला दिसत होतं."

एमिलनं कोट मागितला, तळघरात गारठा होता. तिनं दिला, बाह्या धरून घालायला मदतही केली. पेन्सिल उचलून त्र्याऐंशी खोडलं, पंच्याऐंशी लिहिलं आणि कागद घडी करून कोटाच्या खिशात घातला. स्वतःच्या नाही, त्याच्या. पेटी गाडीत ठेवली आणि बर्फ होतं म्हणून सावकाश घरी आणलं.

बुधवारी संध्याकाळी सात वाजायच्या सुमाराला क्लबातून फोन आला. एमिलनं घेतला, ऐकलं, आणि फोनवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दाराशी आला. ती बटाटे सोलत होती, रोजच्यासारखे दोघांपुरते.

"पाहुणा संघ येऊन थांबलाय. मोजायला कुणी नाही म्हणतात."

"तुम्ही आहात की," बर्नी म्हणाली. "केनी येईल न्यायला."

तो दारात उभा राहिला, ती आणखी काहीतरी बोलेल म्हणून. तिनं पुढचा बटाटा घेतला.